गुलमंडीच्या जागेला भाव कोणी आणला?

मित्रहो, जुन्या शहराच्या पुनर्विकासाबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा इमारतींच्या उंचीबद्दल आणि पार्किंगबद्दल. मला आज जमिनीच्या भावाबद्दल बोलायचे आहे, कारण छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, सिटी चौक, औरंगपुरा आणि पैठण गेट या भागात जे पाडले जात आहे आणि जे उभे राहत आहे, त्यामागे हा भावच आहे.

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि नहरींनी तिला पाणी पुरवले. त्या वस्तीभोवती छत्रपती संभाजीनगरचा जुना भाग वाढत गेला. पुढे चिकलठाणा आणि वाळूजला कारखाने आले, सिडकोची वसाहत उभी राहिली आणि ऐपत असलेली कितीतरी कुटुंबे वाडे सोडून सिडको, उस्मानपुरा, गारखेडा या बाजूला राहायला गेली. पेठा मात्र ओस पडल्या नाहीत. वाड्यांच्या दर्शनी खोल्यांत कापडवाले, भांडीवाले, सराफ आणि शिंपी बसून राहिले, आणि लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यापाड्यांतून येणारे गिऱ्हाईक त्यांच्यामुळेच येत राहिले. आज त्या जागेला जो भाव आहे, त्यात मालकाच्या गुंतवणुकीपेक्षा या वर्दळीचा वाटा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा वाटा सार्वजनिक पैशाचा आहे. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार भूखंडावर किती बांधता येईल, हे बऱ्याच अंशी समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरते. त्यामुळे बोळ रुंद झाला की मागे उरलेल्या तुकड्याचे मोलही वाढते. रुंदीकरणात जागा गेलेल्या मालकाला रोख मोबदला, टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम) मिळण्याची सोय आहे, आणि ती न्याय्यच आहे. पण हा व्यवहार मालक आणि महापालिका यांच्यात होतो. ज्याचे दुकानच रुंदीकरणाच्या पट्टीत होते, त्या भाडेकरूचे नाव त्या कागदावर क्वचितच येते.

मराठवाड्यात भाडेकरूला १९५४ च्या हैदराबाद भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण होते. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. या नव्या कायद्याने पगडीचा, म्हणजे भाड्याच्या जागेसाठी एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार वैध ठरवला, मात्र बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. या तरतुदीचा परिणाम नीट लक्षात घ्या. जुना शिंपी तुटपुंज्या भाड्यात बसलेला असतो आणि त्याला उठवणे अवघड असते. त्याच जागी बँक किंवा मोठ्या कंपनीचे दालन आले, तर बाजारभावाने भाडे मिळते आणि करार संपला की जागा मोकळी करून घेणेही सोपे जाते. मग वाडा मोडकळीला येऊ देणे हाच मालकाला फायद्याचा मार्ग वाटू लागतो. छत गळते, दुरुस्ती होत नाही, आणि एक दिवस धोकादायक इमारतीची नोटीस येते. जीव वाचवण्यासाठी इमारत रिकामी करावीच लागते. पण रिकामी करताना कोणाचा ताबा किती चौरस फुटांवर होता याची मोजणी लेखी झाली नाही, तर नंतर परत येण्याचा हक्क सिद्ध करण्यात आयुष्य जाते.

नव्या इमारतीत गाळा किंवा सदनिका घेणाऱ्यालाही इथे सावध राहावे लागते. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका वा गाळे नाहीत, त्याला रेरा, म्हणजे घर-गाळा घेणाऱ्या ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याखालची, नोंदणी बंधनकारक नाही. जुन्या पेठांतले वाड्यांचे भूखंड किती लहान आहेत ते आपण जाणतोच. रेराचे छत्र जिथे सर्वांत जास्त हवे, तिथेच ते अनेकदा पोहोचत नाही.

मालकांचीही बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. एका मालमत्ता पत्रकावर तीन पिढ्यांच्या वारसांची नावे असतात, काही नावे चढवायचीच राहिलेली असतात. काही जागा इनामाच्या किंवा वक्फच्या असल्याने हस्तांतरणावर बंधने असतात. एवढ्या अडचणीत भाड्याच्या उत्पन्नातून वाडा नीट ठेवणे खरोखरच शक्य होत नाही. म्हणून पुनर्विकास नको, असे मी म्हणत नाही.

माझी मागणी महापालिकेकडे आहे. पाडकामाची किंवा बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे नाव, त्याच्या ताब्यातील क्षेत्र आणि जागेचा वापर यांची यादी मालक व भाडेकरू या दोघांच्या सह्यांनिशी घ्यावी, सही करायला कोणी नकार दिला तर महापालिकेने स्वतः पंचनामा करावा, आणि ती यादी मंजूर नकाशाला जोडून सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावातही दुकान गमावणाऱ्या भाडेकरूंचा स्वतंत्र तक्ता असला पाहिजे, आणि तो मोजणीच्या वेळीच तयार झाला पाहिजे, कारण भिंत पडल्यानंतर पुरावा म्हणून दाखवायला काहीच उरत नाही.