आइस्क्रीमला प्रवास झेपत नाही, म्हणून आपण करायचा

रात्रीचे साडेनऊ वाजलेत, दिवसभर गाडी चालवून पाठ धरलीय, गाव एकदम नवीन, रूमवर बॅगा टाकल्या आणि लगेच परत बाहेर पडलो. आइस्क्रीम खायला. आणि कॅमेऱ्यात समोर जे छोटंसं दुकान दिसतंय ना, ते मला कुठल्याच यादीत सापडलं नव्हतं, ते सांगितलं औषधाच्या दुकानातल्या एका काकूंनी.

त्यांना मी काय विचारलं ते सांगतो, कारण सगळं त्या प्रश्नावर आहे. "इथलं बेस्ट आइस्क्रीम कुठलं" असं विचारलं की लोक हमखास सगळ्यात मोठ्या बोर्डाच्या दुकानाचं नाव घेतात, त्यांना वाटतं पाहुण्याला तेच आवडेल. म्हणून मी विचारतो, "तुम्ही स्वतः लहानपणी कुठे खायचात, ते दुकान अजून चालू आहे का?" हे विचारल्यावर माणूस दोन सेकंद थांबतो, चेहरा बदलतो, आणि मग रस्ता सांगताना तो हातवारे करायला लागतो. तसे हातवारे झाले की मी तिकडेच जातो.

आता एवढं शोधायचं कशाला, आइस्क्रीम तर प्रत्येक कोपऱ्यावर मिळतं, असं तुम्ही म्हणाल. मिळतं, पण आइस्क्रीमला प्रवास झेपत नाही हो. मशीनमधून बाहेर येतं तेव्हा ते साधारण उणे पाच-सहा डिग्रीला असतं, मऊ, आणि त्यातलं जवळपास निम्मंच पाणी गोठलेलं असतं. मग ते उणे अठराच्या खाली नेऊन घट्ट करतात. यात बर्फाचे कण जेवढे बारीक राहतील तेवढं आइस्क्रीम जिभेला गुळगुळीत लागतं. पण तेच टबमध्ये भरून गाडीत चढवा, उतरवा, दुकानाच्या फ्रीजरमध्ये ठेवा, दिवसातून शंभर वेळा झाकण उघडा, म्हणजे दर वेळी थोडं तापमान वर जातं, बारीक कण वितळतात आणि ते पाणी परत गोठताना मोठ्या कणांवर जाऊन बसतं, असं होत होत शेवटी तुमच्या दाताखाली कचकच येते. बनवताना कोणी काही चुकलं नव्हतं, वाटेत बिघडलं. म्हणून मी पहिली गोष्ट बघतो ती ही की मशीन कुठे आहे. काउंटरच्या मागे घरघर ऐकू आली की माझं निम्मं टेन्शन जातं.

आणि गंमत बघा, सुरुवातीला सगळं आइस्क्रीम असंच जागच्या जागी बनायचं. बर्फात मीठ घातलं की ते शून्याच्या बरंच खाली जातं, पार उणे एकवीसपर्यंत जाऊ शकतं, त्यात डबा ठेवायचा आणि हलवत राहायचं. 1843 मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी हाताने फिरवायच्या हँडलच्या फ्रीजरचं पेटंट घेतलं. आत फिरणारं पातं कडेला धरलेला बर्फ सतत खरवडतं आणि परत मिश्रणात ढकलतं, आजच्या मशीनमध्येही तेच चालतं, फक्त हाताच्या जागी मोटर आली. मग 1851 मध्ये बाल्टिमोरचा दुधाचा व्यापारी जेकब फसेल, त्याच्याकडे मलई उरायची, त्याने त्याचं आइस्क्रीम बनवून घाऊक विकायला घेतलं. तिथून आइस्क्रीमचा कारखाना सुरू झाला. मी कारखान्यांच्या विरोधात अजिबात नाही, त्यांच्यामुळेच आइस्क्रीम सगळ्यांना परवडायला लागलं. पण गावोगाव फिरताना मला ते खायचंय जे दुसऱ्या गावाला नेता येत नाही.

बरं, आत आलो. लगेच ऑर्डर नाही द्यायची. आधी टबकडे बघा. आइस्क्रीम कडेपासून सुटून आत ओढलं गेलंय का, वर बर्फाची पांढरी बुरशी आल्यासारखी दिसतेय का, तसं असेल तर ते बरेच दिवस पडून आहे. डोंगरासारखं उंच रचलेलं असेल तर मला शंका येते, कारण वरचा भाग थंडाव्याच्या बाहेर असतो आणि तरीही तो उभा आहे. पिस्ता पोपटासारखा हिरवा नसतो, तो थोडा मातकट असतो, आणि केळ्याचं आइस्क्रीम पिवळंधमक होत नाही. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेलं दिसलं की मला जास्त आवडतं, डोळ्याला काहीच दिसत नाही पण माल नीट थंड राहतो. आणि एखादा टब रिकामा असेल, "हा फ्लेवर आज संपला" असं कोणी सांगितलं, तर नाराज होऊ नका, खूश व्हा! म्हणजे इथे माल पडून राहत नाही. साठ फ्लेवरच्या बोर्डापेक्षा दहाच फ्लेवर असलेलं दुकान मी कधीही निवडेन.

ऑर्डर काय, तर आधी व्हॅनिला. माझे मित्र दर वेळी वैतागतात, एवढ्या लांब येऊन व्हॅनिला? पण लपायला जागाच नसते ना त्यात. चॉकलेटचे तुकडे, काजू, सॉस काही नाही, फक्त दूध, मलई, साखर आणि तो वास. आणि व्हॅनिला साधा म्हणून हिणवायचा फ्लेवर नाहीच, ती ऑर्किडची शेंग आहे, आणि तिचं फूल हाताने फलित करायची सोपी रीत 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, म्हणून ती जगभर पिकवता आली. एका मुलाच्या बोटांची ती करामत आपण आज खातोय, हे मला प्रत्येक वेळी आठवतं. आइस्क्रीममध्ये काळे ठिपके दिसले म्हणून मात्र लगेच भुलू नका, अर्क काढून झालेल्या शेंगांच्या बिया नुसत्या दिसण्यासाठी पण घालतात. वास घ्या, थोडं वितळू द्या, मग वास येतो.

आता कप हातात घ्या, जड लागतोय का? आइस्क्रीममध्ये हवा असतेच, नसती तर ते दगड झालं असतं, पण किती हवा हा खरा प्रश्न. या धंद्यात त्याला ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम झालं तर तो शंभर टक्के ओव्हररन, म्हणजे अर्धा टब हवा. जेलातोमध्ये, म्हणजे इटालियन पद्धतीच्या आइस्क्रीममध्ये, हवा बरीच कमी असते, म्हणून ते दाट लागतं. चमचा घातला की तो आत नीट रुतला पाहिजे, फेसात गेल्यासारखा नाही. खाऊन झाल्यावर टाळूला तुपकट थर राहिला तर मलईऐवजी दुसरं फॅट असण्याची शक्यता आहे. आणि शेवटचा, पूर्ण वितळलेला घोट नक्की प्या. पदार्थ थंड असला की जिभेला गोड कमी कळतं, म्हणून आइस्क्रीममध्ये साखर जास्तच लागते, पण चांगल्या दुकानात तो शेवटचा घोटही घशाशी येत नाही.

मागच्या वर्षी एका प्रसिद्ध ठिकाणी आम्ही पाऊण तास रांगेत उभे होतो, फोटो भारी आले, पण आइस्क्रीम रवाळ होतं, आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण माझ्या पुढचं एक लहान मूल ते पहिल्यांदा खात होतं.

हे दुकान तसं नाही. आत्ता आम्ही उभे असतानाच आंब्याचा टब संपला आणि दादांनी मागे मशीन लावलं. आवाज ऐका, आधी पातळ होतं तेव्हा मोटर मोकळी फिरत होती, आता मिश्रण जड झालंय, आवाज खाली आलाय, दादा घड्याळाकडे बघत पण नाहीत, कानावरच चाललंय सगळं. बंद केलं. पातं बाहेर काढलं, त्याला चिकटलेलं चमच्याने खरवडून सरळ माझ्या हातात दिलं, म्हणाले, लवकर खा, पाच मिनिटांनी हे असं राहणार नाही.

मी कॅमेरा टेबलावर ठेवला, म्हणून पुढचा शॉट थोडा वाकडा आहे.

उद्या पहाटे निघायचं ठरलं होतं. पण दादा म्हणाले सीताफळाची बॅच अकराला लागते, तर आता आम्ही साडेअकरानंतरच निघणार.