मज्जातंतूंना गप्प करणारा करंट

श्रोतेहो, नमस्कार.

कंबर किंवा गुडघा धरला की फिजिओथेरपिस्टकडे जाऊन करंट घेणं आपल्याला नवीन नाही. कातडीवर पट्ट्या चिकटवतात, मुंग्या येतात आणि दुखणं थोडं मागे पडतं. त्या करंटने मज्जातंतू जागे होतात. आज मी ज्या करंटबद्दल बोलणार आहे, तो मज्जातंतूंना गप्प बसवतो.

आधी दुखण्याबद्दल सांगतो. मधुमेहामुळे किंवा अपघातात पाय कापावा लागलेल्या कितीतरी माणसांना, नसलेल्या पायाची बोटं दुखतात. आग होते, पेटके येतात. घरचे म्हणतात, "पायच नाही, तर दुखतंय काय?" पण ते दुखणं खरं असतं. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ धरते, तिथून संदेश निघत राहतात आणि मेंदू ते बोटांचेच समजतो. ज्याला हे सोसावं लागतं त्याच्यावर घरातच अविश्वास दाखवला जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

हे संदेश वाटेतच अडवता आले तर? अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात केविन किलगोर आणि निलॉय भद्रा यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा प्रयोग असा. बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या पायाचा मज्जातंतू वरच्या बाजूला ठरावीक अंतराने उद्दीपित करायचा. प्रत्येक वेळी पोटरीचा स्नायू आखडतो. मग मज्जातंतूवर मधेच बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट सोडायचा. सुरुवातीला स्नायूला एक जोराचा झटका बसतो आणि मग तो ढिला पडतो. वरून उद्दीपन चालूच असतं, स्नायू मात्र हलत नाही. करंट बंद केला की क्षणात पुन्हा आखडायला लागतो. बधिर करायच्या इंजेक्शनचा असर उतरायची वाट बघावी लागते. इथे बटण दाबलं की काम झालं.

हे घडतं कसं? मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. संदेश आला की ती उघडतात, लगेच मिटतात, आणि आवरणाचा विद्युतदाब मूळ पातळीवर आल्याशिवाय पुन्हा उघडायला तयार होत नाहीत. वेगाने उलटसुलट होणारा करंट तो दाब खाली येऊच देत नाही. दारं मिटलेली राहतात, संदेश तिथेच अडतो. संगणकावर मांडलेल्या गणितांतून हाच खुलासा पुढे आला आहे. एकाच दिशेच्या करंटनेही संदेश अडतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. पण साध्या धातूच्या इलेक्ट्रोडमधून तो जास्त वेळ दिला तर रासायनिक क्रिया होऊन मज्जातंतूच खराब होतो.

पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला असं अडवून भूक आवरणारं एक यंत्र २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण ते बाजारात टिकलं नाही. पाय गमावलेल्यांसाठीचं 'अल्टियस' हे यंत्र २०२४ मध्ये मंजूर झालं. शस्त्रक्रिया करून मज्जातंतूभोवती कडं बसवतात. दुखणं उठलं की रुग्ण स्वतः यंत्र चालू करतो आणि अर्धा तास सेकंदाला दहा हजार वेळा उलटसुलट होणारा, म्हणजे १०,००० हर्ट्‌झचा करंट मिळतो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि शस्त्रक्रिया म्हटली की तिचे धोके आलेच. तरीही, हवं तेव्हा दुखणं आवरायचं बटण रुग्णाच्याच हातात येणं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

एक विनंती. घरी वापरायच्या करंटच्या मशीनवर असला प्रयोग करू नका. त्यांचा करंट साधारण शे-दीडशे हर्ट्‌झचा असतो आणि तो कातडीवरून दिला जातो. हे काम त्याने होणार नाही. आपल्या घरात कुणाचा कापलेला पाय दुखत असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषधं आहेत, आरशासमोर चांगला पाय हलवून करायचे व्यायाम आहेत, आणि ते आजही करता येतात.

नमस्कार.