मिठाच्या गोण्यांच्या आधी : देवगिरीचा रामचंद्रदेव

मंडळी, देवगिरीचं नाव काढलं की आपल्याला मिठाच्या गोण्या आठवतात. धान्य समजून गडावर चढवल्या, उघडल्या तर आत मीठ, आणि राज्य बुडालं. ही हकिकत फरिश्ता हा फारसी इतिहासकार सांगतो, घटनेनंतर तीनशे वर्षांनी. पण त्याचंच वर्णन नीट वाचा. गोण्या उघडल्या त्या मैदानातली लढाई हरल्यावर. मग हरलो कशामुळे? मला वाटतं, याची मुळं देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव याच्या विजयांमध्येच आहेत.

१२७१ साली चुलता महादेवराव गेला आणि त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. रामचंद्र थोरल्या पातीचा, कृष्णदेवाचा मुलगा. निवडक माणसं घेऊन तो नटांच्या मेळ्याच्या वेशात गडावर शिरला आणि त्याने आमणाला पकडलं, अशी हकिकत आहे. आमणाचे डोळे काढले गेले. सुरुवात अशी रक्ताळलेली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण याच राजाचं नाव पंढरपूरच्या 'चौऱ्याऐंशीचा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात दात्यांमध्ये आहे, हेमाद्री पंडित त्याच्याच पदरी होता, आणि १२९० मध्ये ज्ञानदेव त्याला न्यायाने राज्य करणारा राजा म्हणतात.

सत्ता हाती येताच लढाया सुरू झाल्या. माळव्याच्या परमारांवर चाल, गुजरातच्या वाघेल्यांशी झटापट. १२७६ च्या सुमारास सेनापती टिक्कमदेव कर्नाटकातल्या होयसळांच्या राजधानीजवळ, दोरसमुद्राजवळ, जाऊन भिडला. लूट मिळाली, राजधानी मिळाली नाही. पूर्वेला वरंगळच्या काकतीयांशी वैर होतंच, १२९४ मध्ये रायचूर त्यांच्याकडे गेलं. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. दिल्ली आणि देवगिरी यांच्यामध्ये भिंत होती ती माळव्याची, आणि ती खिळखिळी करण्यात यादवांचाही हात होता. अल्लाउद्दीन खिलजीने भेलशावर धाड घातली ती याच माळव्यात, आणि देवगिरीच्या संपत्तीची बातमी त्याला तिथेच लागली.

१२९६ मध्ये तो प्रयागजवळच्या कडा या ठाण्याहून निघाला. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन, म्हणजे त्याचा चुलता आणि सासराही, याला पत्ता लागू दिला नाही. वाटेत सांगत आला की चुलत्यावर रुसून चाकरी शोधायला राजमहेंद्रीला चाललोय. अचलपूरपर्यंत कोणी अडवलं नाही. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेली. वाट रोखली ती लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या सरदाराने, आणि त्याच्या बाजूने दोन स्त्रिया हत्यार घेऊन लढल्या, असं चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी लिहितो. त्यांची नावंसुद्धा आपल्याकडे आलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मागून दिल्लीची वीस हजारांची फौज येतेय, ही अल्लाउद्दीनने उठवलेली हूल. रामचंद्राने खंडणी कबूल केली. तेवढ्यात शंकरदेव परतला, बापाचा निरोप न मानता तुटून पडला, आणि जिंकतही आला होता. गडाकडे नजर ठेवायला मागे ठेवलेला नुसरतखान हजारभर स्वार घेऊन धावून आला. धुरळा उठला. यादवांच्या सैन्याला वाटलं, दिल्लीची फौज आली! तिथे पळ सुटला. त्या सैन्यात उत्तरेची खरी खबर असलेलं कोणीच नव्हतं. पंचवीस वर्षं शेजाऱ्यांवर नजर रोखलेल्या राज्याची ही किंमत.

पुढे खंडणी थकली, १३०७ च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि रामचंद्राला दिल्लीला नेलं. अल्लाउद्दीनने 'रायरायान' ही पदवी आणि नवसारी देऊन परत पाठवलं. त्यानंतर रामचंद्राने शब्द मोडला नाही. काकतीय आणि होयसळांवरच्या स्वाऱ्यांत काफूरला रसद दिली, माणसं दिली. याला मी फितुरी म्हणणार नाही. जुन्या वैऱ्यांचा हिशेब तो आता दुसऱ्याच्या तलवारीने चुकता करत होता, आणि ते मला फितुरीहून जास्त खुपतं. १३१० चा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट पाहा : बिरुदं सगळी जुनीच, काशी मुक्त केल्याचा अभिमानही आहे, दिल्लीच्या मांडलिकीचा उल्लेख नाही.

पुढच्याच वर्षाच्या सुमारास तो गेला. शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि १३१३ मध्ये तो मारला गेला. जावई हरपाळदेवाने पुन्हा उठाव केला. १३१८ मध्ये अल्लाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारकशहा याने त्याला पकडून हालहाल करून मारलं, आणि देवगिरीवर दिल्लीचा सुभेदार बसला.