टक्कल आधी मुळाशी पडतं
(बेळगावातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, टक्कल पडलं की आपल्याकडे आरोपी ठरलेले असतात: बोअरचं पाणी, हेल्मेट, शाम्पू. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार भेटले तर ते टोपीवर खापर फोडतात. क्षारयुक्त पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण त्यानं टक्कल पडत असतं, तर कानामागचे आणि मानेवरचे केसही गेले असते. तेही आपण त्याच पाण्यानं धुतो ना! मग कपाळाचे कोपरे आणि भोवराच का उघडा पडतो?

उत्तर केसाच्या मुळाशी आहे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) डीएचटी हा जास्त जोरकस हार्मोन बनवतं. माथ्यावरची मुळं काही जणांत अनुवंशानं त्याला हळवी असतात, मागची बहुधा नसतात. टक्कल म्हणजे पुरुषत्व जास्त, असं समजून खूश होऊ नका. अशांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन सहसा इतरांइतकंच असतं.

डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग गळतो आणि तिथंच नवा येतो. हळव्या मुळात ही मुदत दर फेरीला कमी होते. नवा केस आधीपेक्षा बारीक, आखूड. शेवटी नुसती लव. म्हणून न्हाणीघरात गळालेले केस मोजत बसू नका. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात. भांग रुंद होतोय का, केस बारीक होताहेत का, ते पाहा. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंगी होऊन दोन-तीन महिन्यांनी पुंजके गळतात, ते प्रकरण वेगळं. ते केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात.

हे कळलं कसं? १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. टेस्टोस्टेरॉन दिलं, की घराण्यात टक्कल असलेल्यांना पडू लागतं. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या पुरुषांत जन्मतःच ते विकर कमी होतं. प्रोस्टेट ग्रंथी लहान, आणि कपाळावरची केसांची रेषा शाबूत! ते विकर अडवणाऱ्या फिनास्टेराइड या औषधामागची कल्पना तिथली. आधी ते प्रोस्टेटसाठी आलं, १९९७ मध्ये अमेरिकेत १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मंजूर झाली. रक्तातलं डीएचटी ती साधारण ७० टक्क्यांनी उतरवते. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींना उदासीनता येते. प्रोस्टेटसाठी करतात त्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडाही निम्म्यावर येतो, तेव्हा डॉक्टरांना गोळीचं सांगा. गर्भवतीनं तिचा चुरा हाताळू नये. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मागायची ही वस्तू नव्हे.

मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावायची कल्पना निघाली. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींचे केस जास्तच गळतात. तिथंच घाबरून बरेच लोक बाटली ठेवून देतात. निकाल चार ते सहा महिन्यांनी दिसतो, आणि बंद केलं की मिळवलेले केस जातात.

बायकांत बहुधा कपाळाची रेषा टिकते, भांग रुंदावतो. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासावं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसचा, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाचा, विचार हवा. प्रत्यारोपणात मागची मुळं पुढे लावतात. ती जागा बदलली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. पण आजूबाजूचे जुने केस बारीक होतच राहतात, म्हणून औषध सुटत नाही. तिरुपतीला केस जरूर द्या, फक्त परत दाट येतील या आशेनं नको. वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: टक्कल मामाकडून येतं म्हणतात, खरं का?)

अर्धं खरं. एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण बाकी अनेक जनुक दोन्हीकडून येतात. तेव्हा एकट्या मामाला धरू नका, वडिलांच्या डोक्याकडेही एकदा बघा.

(प्रश्न: मुलाचं लग्न मेमध्ये आहे, तोवर येतील?)

आज जानेवारी. आता सुरू केलं, तर मेपर्यंत गळती थोडी थांबेल, एवढंच सांगतो. आणि मुलीकडच्यांनी मुलाला पाहिलंय ना? मग घाई कशाची?