आठ फ्रेमची झेप

[बांबूचं रान. शेंड्यांतून उतरणारे उन्हाचे पट्टे.]

नायिका बांबूच्या खोडांना पाय लावत वर गेली आणि थेट शत्रूच्या डोक्यावर सूर मारून आली. आता हीच रीळ सावकाश फिरवू. ही झेप अख्खी अशी कुठल्याच शॉटमध्ये नाही.

चित्रपट ‘अ टच ऑफ झेन’. तैवानमध्ये दोन भागांत आला, १९७० आणि १९७१ साली. दिग्दर्शक किंग हू, जन्म बीजिंगचा, उमेदवारी हाँगकाँगच्या स्टुडिओंत.

[लाइटबॉक्सवर फिल्मचे तुकडे.]

संगणक नव्हताच. कलाकार उडायचे चौकटीबाहेर लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून, म्हणजे उसळी देणाऱ्या ताणलेल्या जाळीवरून. पण उडण्याआधी गुडघे वाकतात, आणि वर क्षणभर थांबलेलं अंग खाली येतं ते धोंड्यासारखं. दोन्हीकडे बिंग फुटतं. म्हणून दोन्ही टोकं छाटायची, मधला हवेतला तुकडा तेवढा ठेवायचा. सेकंदाला २४ फ्रेम. त्यातल्या आठ ठेवल्या की हातात उरतो एक तृतीयांश सेकंद. हू काही ठिकाणी त्याहूनही खाली गेले.

[हात. कात्री. जोडपट्टी.]

जोडताना दिशा सांभाळायची. उजवीकडून बाहेर पडलेली आकृती पुढच्या तुकड्यात डावीकडूनच आत यायला हवी, नाहीतर ती मध्येच माघारी वळल्यासारखी दिसते. फारच आखूड कापलं तर डोळ्याला काही लागतच नाही. मग आधाराला आधी वर बघणारा चेहरा, सळसळलेली पानं, आणि मग ती झेप. मधलं अंतर प्रेक्षकच भरून काढतो.

[ढोल, झांजा.]

ताल मात्र रंगभूमीचा. लढाया बसवणारे हान यिंगजी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीतनाट्याच्या तालमीत घडलेले. घाव, थांबा, नजर, पुन्हा घाव. या रानातल्या सुमारे दहा मिनिटांच्या लढाईला २५ दिवस लागले. दाट बांबूत ऊन सरकलं की पट्टे सरकतात, आणि सकाळचा शॉट दुपारच्या शॉटला जुळत नाही.

[‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधले हिरवे शेंडे.]

२००० साली आलेल्या या चित्रपटासाठी दिग्दर्शक अँग ली चीनच्या झच्यांग प्रांतातल्या आन्चीच्या बांबूवनात गेले. लढाया बसवणाऱ्या युएन वू-पिंग यांनी कलाकारांना तारांवर टांगलं. तारा नंतर संगणकावर पुसल्या. पुसायच्याच असल्यावर त्या जाड असल्या तरी चालतात, तुटायची धास्तीही कमी. देखणं आहे, वादच नाही. पण तिथे माणूस तरंगतो. हूंच्या रानात तो नजरेतून निसटतो, आणि आमच्या मते जादू तीच.

‘अ टच ऑफ झेन’ तैवानमध्ये पडला. १९७५ साली कान महोत्सवात त्याला तंत्राचं पारितोषिक मिळालं.

[श्यू फंग यांचा चेहरा, नव्या प्रतीत.]

नायिका श्यू फंग पुढे निर्मात्या झाल्या. ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ त्यांचाच. या जुन्या चित्रपटाच्या फोर-के (अतिस्पष्ट डिजिटल) डागडुजीलाही पैसा त्यांनीच दिला. एकेक फ्रेम साफ झाली; त्या आठसुद्धा.

[झेप, पूर्ण वेगात. निवेदन नाही.]