बीजक दगडावर कोरत नाहीत

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे एक ओळखीचे काका पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आमच्याकडे आले. जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडलेला खजिन्याचा नकाशा म्हणून कुणीतरी तो त्यांना चांगल्या रकमेला विकला होता. एक विहीर, एक पिंपळ, बाण आणि खाली मोडीसारख्या चार ओळी.

मी कागद खिडकीशी धरला. हातकागदात गवताच्या साच्याच्या बारीक रेघा उजेडात दिसतात. इथे एकही नव्हती. जुना कागद हवा लागते तिथे, कडांना आणि घड्यांवर, जास्त काळवंडतो. हा मात्र सगळीकडे सारखाच तपकिरी, घडीच्या आतसुद्धा. म्हणजे चहाच्या पाण्यात बुडवलेला. आणि मोडी? मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवतो. इथे प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

आपल्या ग्वाल्हेरात अशा कागदांना गिऱ्हाईक मिळतं, कारण आपण गंगाजळीच्या, म्हणजे शिंद्यांच्या लपवलेल्या खजिन्याच्या, गोष्टी ऐकत मोठे झालो. १८८६ मध्ये इथले महाराज जयाजीराव शिंदे वारले, तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव पुरते दहा वर्षांचेही नव्हते. किल्ल्यातल्या तळघरांचं गुपित सांगायचं राहून गेलं, असं घरोघरी सांगतात. मग बीजक, म्हणजे पुरलेल्या धनाचा पत्ता सांगणारा लेख, म्हणून कुणी कागद विकतो, कुणी कोरलेला दगड.

दगडाचं मला नवल वाटतं. धन लपवणारा माणूस ते दगडावर कशाला कोरेल? दगडावर कोरायचं ते चारचौघांना कळावं म्हणून. किल्ल्याच्या चढावर कातळात खोदलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या लेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. देवाला रोज ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं, इतकं जुनं कोरलेलं शून्य पाहायला आज जगभरातून लोक येतात. माप, जागा, कारण, सगळं उघड.

अमेरिकेत ॲरिझोनात १९४९ च्या सुमारास पेराल्टा दगड पुढे आले. वालुकाश्मावर वाटा कोरलेल्या आणि खोबणीत बसणारं दगडी हृदय. हरवलेल्या सोन्याच्या खाणीसाठी लोकांनी त्यांचा माग काढला, पण त्यावरच्या स्पॅनिशमध्ये ढोबळ चुका आहेत आणि ते खरे की बनावट हा वाद मिटलेला नाही. दगडाचं वय आणि कोरण्याचं वय वेगळं असतं, ही खरी अडचण. कार्बन काढून कोरीव रेघेची तारीख मिळत नाही. म्हणून रेघेतच डोकवावं लागतं. टाकीचे घाव कमीजास्त खोल असतात, मशीनची चर एकसारखी जाते. जुन्या अक्षराच्या कडा झिजून गोल होतात आणि दगडफुलाचा डाग पृष्ठभागावरून अक्षराच्या आत उतरलेला असतो. आतला रंग ताजा, उजळ दिसला तर मी तो दगड जुना मानत नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो सतीशिळांसाठी, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीत उभारलेल्या दगडांसाठी. शिळेवर चंद्र-सूर्य असतात आणि कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. पण धन शोधणारे त्या हातालाच दिशेची खूण समजतात आणि रात्री पहारीनं शिळा उखडतात. एका गावाबाहेर मी अशी शिळा पाहिली. हात मनगटाशी तुटलेला, खाली कमरेइतका खड्डा, आणि खड्ड्यात नुसती काळी माती.

शेतात असा दगड दिसला तर हलवू नका, खडूनं अक्षरं रंगवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात, आणि पुरातत्त्व खात्याला दाखवा. जमिनीत खरंच काही मौल्यवान सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानं ते कलेक्टरला कळवावं लागतं. कायद्यात किमतीची मर्यादा आहे फक्त दहा रुपये.

नमस्कार.