नाव न कळलेलं बाळ

श्रोतेहो, नमस्कार. नवव्या शतकातल्या फ्रँक राज्यात काउंट म्हणजे बादशहाच्या नावानं मुलूख सांभाळणारा सरदार, सुभेदारच म्हणा. आजचा आपला काउंट सेप्टिमानियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या मुलखाचा, बर्नार्ड. त्याच्या घरात डोकवायचं तर त्याच्या बायकोचं बोट धरावं लागतं. तिचं नाव दुओदा.

२९ जून ८२४ रोजी आखेनच्या राजवाड्यात त्यांचं लग्न झालं. बर्नार्डचे वडील फ्रँकांचा थोर बादशहा शार्लमेन याचे नातलग. ८२७ साली बर्नार्डनं बार्सिलोना राखलं, आणि ८२९मध्ये शार्लमेनच्या मुलानं, लुई बादशहानं, त्याला आपल्या खासगीचा कारभारी केलं. वर्षभरात बोभाटा झाला, याचं महाराणी ज्युडिथशी सूत आहे म्हणून! खरं-खोटं देव जाणे, शत्रूंना तेवढं पुरलं. बर्नार्ड पळाला, भाऊ हेरिबर्टचे डोळे काढले गेले. ८३४ साली बादशहाच्या बंडखोर मुलानं, लोथारनं, दुसऱ्या भावाचं डोकं उडवलं. बहीण गेरबेर्गा जोगीण. तिला चेटकीण ठरवून पिपात कोंबलं आणि सोन नदीत बुडवलं.

दुओदा दक्षिणेत, उझेस गावी. ८४१च्या जूनमध्ये लुईचे मुलगे फोंतेनुआला एकमेकांशी भिडले, तेव्हा बर्नार्ड काठावर बसून राहिला. त्यांच्यातला चार्ल्स जिंकला, तसा बर्नार्डनं आपला चौदा वर्षांचा थोरला, विल्यम, त्याच्याकडे ओलीस धाडला. धाकटा त्याच मार्चमध्ये जन्मलेला. बाप्तिस्म्याआधीच बापानं त्यालाही मागवून घेतलं. आईला त्याचं नावसुद्धा कळलं नाही.

मग तिनं विल्यमसाठी पुस्तक लिहायला घेतलं, लॅटिनमध्ये. देव, प्रार्थना, दरबारात वागावं कसं, सगळं आहे त्यात. बापाचा मान राजाच्याही आधी, असं ती बजावते. (त्या बापाचा!) लहानग्याचं नाव कळेल तेव्हा त्यालाही हे वाचून दाखव, म्हणते. आणि मध्येच निघतो कर्जाचा विषय. नवऱ्याच्या चाकरीपायी तिनं ख्रिस्ती आणि यहुदी सावकारांकडून पैसे उचलले होते. मी मेल्यावर काही देणं उरलं तर शोधून फेड, अशी विनवणी. मला तर उपदेशापेक्षा हेच पान जवळचं वाटतं.

२ फेब्रुवारी ८४३ला तिनं लेखणी ठेवली. पुढच्याच वर्षी चार्ल्सनं बर्नार्डला देहदंड दिला. विल्यम चार्ल्सविरुद्ध उभा राहिला आणि ८५०मध्ये, पंचविशीच्या आत, मारला गेला.

धाकटा जगला. त्याचं नाव बापाचंच ठेवलं होतं, बर्नार्ड.